गाडीच्या रंगासाठी वॅक्स, सीलंट की कोटिंग?

आमच्या गाडीला या जूनमध्ये सहा वर्षे पूर्ण होतील. रंग गडद निळा, पार्किंग उघड्यावर आणि तेही जांभळाच्या झाडाखाली. या सहा वर्षांत मी आधी वॅक्स लावले, मग सिरॅमिक कोटिंग करून घेतले आणि गेली दोन वर्षे सीलंट वापरतो आहे. यांतले चांगले कोणते, असे कोणी विचारले की मी आधी तीन गोष्टी विचारून घेतो: गाडी कुठे उभी असते, कोणत्या पाण्याने धुतली जाते आणि रोज सकाळी ती कोण, कशाने पुसते.

आपण जपतो तो खरे तर रंग नसून त्यावरचा क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या निम्मी. गाडीची सगळी चकाकी या पारदर्शक थरात असते आणि प्रत्येक पॉलिशबरोबर तो थोडा घासला जातो. पॉलिश आणि वॅक्स या दोन शब्दांची आपल्याकडे फार सरमिसळ होते. पॉलिश थर काढते आणि वॅक्स थर चढवते, एवढे लक्षात ठेवले तरी दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ला हो म्हणण्याची सवय सुटेल.

वॅक्स लावण्याचे समाधान वेगळेच असते. कार्नोबा हे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि गडद रंगावर त्याने येणारी खोल, ओलसर झाक मला आजही सगळ्यांत आवडते. मात्र ते 80 अंशांच्या थोडे वर वितळते आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचे बॉनेट त्या तापमानाच्या बरेच जवळ जाते, त्यामुळे पुण्याच्या उन्हात ते दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकल्याचे मी पाहिले नाही. दर महिन्याला एक रविवार मोकळा असेल, तर वॅक्ससारखा आनंद नाही.

कोटिंगबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण पैसे तिथे सर्वाधिक जातात. सिरॅमिक कोटिंग हा सिलिकायुक्त रसायनाचा, एक-दोन मायक्रॉनचा थर असतो. तो क्लिअर कोटला घट्ट चिकटतो आणि नीट केला तर दोन-तीन वर्षे सहज टिकतो. जाहिरातीतला ‘9एच’ हा आकडा पेन्सिलीच्या शिशाने ओरखडून मोजलेल्या कठीणपणाचा असतो. हायवेवर उडालेला खडा किंवा कोणी किल्लीने मारलेला चरा त्याने अडत नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची 150 ते 200 मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म लागते आणि तिचा खर्च निराळाच असतो.

मी कोटिंग केले तेव्हा दोन गोष्टी चुकल्या. ज्यांच्याकडे काम दिले त्यांनी आधीचे बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे न काढताच थर चढवला, त्यामुळे ते त्याखाली तसेच राहिले आणि उन्हात आधीपेक्षा ठळक दिसू लागले. दुसरी चूक सर्वस्वी माझी होती. आमच्या सोसायटीत गाड्या धुवायला बोअरचे जड पाणी येते. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे गोल टपोरे थेंब उभे राहतात, आणि ते दिसायला सुंदर असले तरी उन्हात जागच्या जागी सुकले की प्रत्येक थेंबामागे क्षारांचे पांढरे कडे उरते. एका उन्हाळ्यात बॉनेटवर अशी शेकडो कडी उमटली. ताजी होती ती पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघाली. जुनी काढायला पॉलिश करावे लागले आणि त्या पॉलिशबरोबर कोटिंगही गेले.

म्हणून आता सीलंट. हे कृत्रिम पॉलिमर असते, उन्हात वॅक्सपेक्षा कितीतरी चांगले टिकते आणि चार-सहा महिने पुरते. त्याची चकाकी थोडी काचेसारखी, कोरडी असते, हे मान्य. पण मेअखेरीस एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा अशी दोन अर्धे दिवसांची मेहनत मला झेपते आणि काही बिघडले तर नुकसान काही हजारांचे नसून काही शंभरांचे होते. शोरूममध्ये गळ्यात मारल्या जाणाऱ्या टेफ्लॉन कोटिंगबद्दलही इथेच सांगतो. टेफ्लॉन 327 अंशांना वितळते आणि तव्यावर ते भट्टीत भाजूनच बसवतात. गाडीच्या रंगावर तसे भाजणे शक्यच नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

थर कोणताही द्या, आधी गाडी धुऊन, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटे फिरवून पाहा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागला, तर आधी क्ले बारने, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, तो साफ केल्याशिवाय काहीही लावू नका.

मित्राची पांढरी गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असते आणि तो ती स्वतः धुतो. त्याला मी निःशंकपणे कोटिंग सुचवले. आमची गाडी रोज सकाळी एक दादा पुसतात, तेही वीस गाड्यांना एकच फडके वापरून. धूळ असताना कोरडे फडके मारू नका, असे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, धूळ दिसली की लोक म्हणतात, आज गाडी पुसलीच नाही.” त्यांचेही बरोबर होते. आता आमच्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबरची फडकी वेगळी ठेवली आहेत आणि दादा रोज फक्त काचा पुसतात. बाकीची गाडी रविवारी, सावलीत, बादलीभर शाम्पूच्या पाण्याने मी धुतो आणि लगेच कोरडी करतो.