मांजरालाही गाडी लागते

गणपतीला गावी जायचं ठरलं की आमच्याकडे सगळ्यात आधी चर्चा होते ती ठमीची. ठमी म्हणजे आमची मांजर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, आणि बहुतेक त्यामुळेच इंजिनाचा आवाज आला की कपाटाखाली जाणारी. पुण्याहून चिपळूण, म्हणजे सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट, पावसाळ्यातले खड्डे आणि गणपतीची गर्दी धरली तर अख्खा दिवस गेलाच समजा. तिला मागे ठेवायचं तर पुण्यात त्या दिवसांत ढोल-ताशे, डीजे, फटाके, त्यात तिला एकटीला घरात कोंडून जायचं माझ्याच्याने होत नाही. म्हणून ती आमच्याबरोबर येते, आणि आता बऱ्यापैकी शांत येते. मैत्रिणी विचारतात कसं काय गं, आमचा बोका तर गेटच्या बाहेर पडेपर्यंत बोंबलून घसा बसवून घेतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

माझं मुख्य म्हणणं हे आहे की मांजर गाडीत ओरडतंय म्हणजे ते घाबरलंय असं सरसकट धरून चालू नका. भीती असू शकते, मळमळ असू शकते, उकडत असेल असंही असू शकतं, आणि तिन्हीवर उपाय वेगळे आहेत. आपण काय करतो, तिन्हीला एकच उपाय, कॅरियरची, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीची, जाळी उघडून मांडीवर घ्यायचं आणि "नाही हं बाळा, नाही हं" करायचं. ज्याला मळमळतंय त्याला मांडीवरही मळमळणारच.

मांजरालाही माणसासारखीच गाडी लागते. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो त्याला कळतं की आपण हलतोय, आणि समोर कॅरियरची भिंत बघणाऱ्या डोळ्यांना दिसतं की सगळं जागच्या जागी आहे, हे दोन निरोप जुळत नाहीत आणि पोटात ढवळायला लागतं. ओळखायचं कसं तर तोंडातून लाळ गळते, मांजर सारखं ओठ चाटतं, गिळल्यासारखं करतं, आणि मग एक खोल, लांबलचक, पोटातून आल्यासारखं ओरडणं येतं ज्याच्या पाठोपाठ उलटी ठरलेली. घाबरलेलं मांजर घरातून उचलल्यापासूनच घाबरलेलं असतं, कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग चोरून एका कोपऱ्यात, गाडी सुरू व्हायच्या आधीपासून. गाडी लागणारं मांजर थोडा वेळ ठीक असतं आणि वळणं आली की बिघडतं. ठमी कात्रजपासून शिरवळपर्यंत गप्प असायची आणि खंबाटकी घाट लागला की लाळेने छाती ओली, तेव्हाच लक्षात आलं की हिच्या बाबतीत भीती अर्धीच आहे, बाकीचं पोट आहे. तुमचं मांजर नेमकं कुठे आणि कधी ओरडायला लागतं हे एका फेरीत नीट बघून ठेवा, व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, सांगायला ही माहिती फार उपयोगी पडते.

उकाड्याचं वेगळं. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते आपण रोज बघतो म्हणून मांजराचंही चालून जातं असं वाटतं, पण तसं नाही. मांजर तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं म्हणजे ते फार तणावात आहे, तापलंय किंवा आजारी आहे, गाडी बाजूला घ्या, एसी वाढवा, थांबत नसेल तर जवळचा व्हेट गाठा. आणि कृपा करून "दोन मिनिटांत चहा घेऊन येतो" म्हणून त्याला बंद गाडीत ठेवू नका, बाहेर ३५ अंश असताना उन्हातली बंद गाडी दहाच मिनिटांत ४५ च्या पुढे जाते. आमच्यातलं कुणी ना कुणी गाडीत थांबतंच, चहा आळीपाळीने.

आता भीतीबद्दल. भीतीचं काम गाडीत होतच नाही, ते घरी आणि बरंच आधी करावं लागतं. बहुतेक घरांत कॅरियर माळ्यावर असतं आणि वर्षातून एकदोनदा लस द्यायला न्यायचं असलं की खाली येतं. मांजराच्या दृष्टीने तो डबा खाली आला म्हणजे आता सुई. मग ते सोफ्याखाली जातं, आपण झाडूने बाहेर काढतो, चौघं मिळून कोंबतो, आणि गाडीत बसायच्या आधीच त्याची हवा गेलेली असते. म्हणून कॅरियर हॉलमध्ये कायमचं ठेवा. दिसायला वाईट दिसतं, पाहुणे विचारतात, विचारू देत.

आमचं कॅरियर कडक प्लास्टिकचं आहे, वरचं झाकण सुटं होणारं, आणि हेच घ्या असं मी आग्रहाने सांगेन, कारण कापडी पिशवीसारखी असतात ती घाबरलेल्या मांजराच्या नखांपुढे टिकत नाहीत आणि दवाखान्यात मांजराला ओढून बाहेर काढावं लागतं, याचं नुसतं झाकण काढलं की ते खालच्या अर्ध्या भागात बसल्या बसल्या तपासता येतं. सुरुवातीला मी खालचा भाग तेवढा ठेवला, त्यात आईच्या जुन्या सुती साडीची गोधडी, न धुतलेली, जिच्यावर ठमी रोज झोपायची तीच. गोधडीवर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, मीठ-कांदा-लसूण काही न घालता. सुकटीवर तिचा जास्त जीव, पण सुकटीत मीठ फार असतं म्हणून ती नाही. पुढचे दोन पाय गोधडीवर आणि मागचे दोन घट्ट फरशीवर रोवून, मान एवढी ताणायची की पोट जमिनीला टेकायचं, तुकडा दाताने उचलायचा आणि मागच्या मागे पळ. काही दिवस हेच. मग एके दिवशी मागचा एक पाय आत आला. मी काही बोलले नाही, बघितलंही नाही, हे महत्त्वाचं आहे, आपण कौतुकाने पुढे वाकलो की ते बाहेर. पूर्ण आत बसून खायला लागली तेव्हा झाकण बसवलं, दार नाही. मग दारही बसवलं, पण ते उघडंच ठेवलं. मग खाता खाता क्षणभर बंद आणि लगेच उघड. मग बंद करून उचलून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत.

हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर अभ्यास छापला, २२ मांजरं घेतली, त्यातल्या निम्म्यांना सहा आठवडे अशाच पायऱ्यांनी कॅरियरची सवय लावली आणि निम्म्यांना काहीच शिकवलं नाही, मग सगळ्यांना गाडीतून फिरवून तपासलं. सवय लावलेली मांजरं प्रवासात कमी ताणात दिसली आणि त्यांची तपासणीही लवकर आटपली. सहा आठवडे म्हणजे गणपतीचं म्हणाल तर आषाढातच सुरू करायला हवं. आदल्या रविवारी कॅरियर विकत आणून सोमवारी निघणारी मंडळी मला माहीत आहेत, त्यांच्या मांजराचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅरियर जमलं की गाडी. आधी बंद गाडीत नुसतं बसायचं, मी, ती आणि चिकन. मग इंजिन चालू करून जागेवरच. मग सोसायटीला एक चक्कर आणि लगेच घरी. ही चक्कर कधीच दवाखान्यात संपू द्यायची नाही, घरीच संपवायची, म्हणजे गाडी म्हणजे सुई हे गणित मोडतं. खायला नाकारलं तर एक पायरी मागे जायचं. मांजर खातंय का नाही हा माझा एकमेव मीटर, कारण जास्त घाबरलेलं मांजर आवडीचं खाणंसुद्धा तोंडाला लावत नाही.

निघायच्या दिवशी शेवटचं खाणं तीन-चार तास आधी आणि तेही थोडं, पाणी मात्र ठेवायचं. हे मोठ्या धडधाकट मांजराचं सांगतेय, पिल्लू असेल किंवा डायबेटिस वगैरे असेल तर आपल्या व्हेटला विचारूनच उपाशी ठेवा. कॅरियर पुढच्या सीटच्या मागे खाली पाय ठेवायच्या जागेत ठेवायचं आणि पुढची सीट थोडी मागे घेऊन ते घट्ट अडकवायचं. सीटवर ठेवून बेल्ट लावणं जास्त सुरक्षित वाटतं, पण साध्या प्लास्टिकच्या कॅरियरला जोरात ब्रेक लागला तर तो बेल्टच दाबून फोडू शकतो, आणि खाली हादरेही कमी बसतात. वरून आणि दोन बाजूंनी पातळ सुती ओढणी, जाळीच्या बाजूने हवा खेळती. बाहेरून धावणारी झाडं, ट्रक, उजेड-सावली हे दिसलं नाही की भीती उतरते.

गाडीतलं परफ्यूम काढून टाका. डॅशबोर्डवरची जेली, एसीच्या जाळीला लावलेली क्लिप, सगळं, आणि आदल्या दिवशी काच उघडून गाडी हवेशीर करून ठेवा. आमच्या सासूबाईंना घाट लागतो म्हणून त्या हातात लिंबू धरून बसतात आणि मधूनमधून नखाने साल खरवडून वास घेतात, माणसांसाठी उत्तम, पण मांजराला लिंबू-संत्र्याचा वास मुळीच सोसत नाही. आता त्या आवळा सुपारी घेतात. त्यांनी आपणहून बदललं हो, "तिलाही लागतो ना घाट, मग मला कळतं तिचं" म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी गावात मांजर एका घरून दुसऱ्या घरी पोत्यात घालूनच नेत, त्या मला सांगतात, आणि तरीही या घरात ठमीची सगळ्यात जास्त काळजी त्याच घेतात.

गाणी अगदी हळू नाहीतर बंद. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्याही पुढे, त्यामुळे आपल्याला जी गाडी शांत वाटते ती तिच्यासाठी शांत नसतेच. टोलनाक्याला काच खाली होते तेव्हा बाहेरचा आवाज एकदम आत येतो, त्याच्या आधी मी ओढणी सगळ्या बाजूंनी सारखी करते. आणि गाडी चालू असताना कॅरियर उघडायचं नाही म्हणजे नाही, सुटलेलं मांजर अंधाराच्या जागा शोधतं आणि चालवणाऱ्याच्या पायाखालची पेडलं ही त्याला सगळ्यात सोयीची जागा वाटते.

चालवणाऱ्यावर खूप काही आहे, यावर कुणी फारसं बोलत नाही. कोयनानगर सोडलं की नवरा वेग उतरवतो, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही, आणि वळण संपल्यावरच पुन्हा वेग. मागचे हॉर्न मारतात, मारू देत, जागा मिळाली की त्यांना पुढे सोडतो. घाट उतरताना मी मागे बसते आणि जाळीतून दोन बोटं आत ठेवते, तिला हवं तर गाल घासते, नको तर नाही. मांजरं गालाने जे घासतात त्यातून त्यांचा स्वतःचा वास त्या वस्तूला लागतो आणि तो वास म्हणजे त्यांच्यासाठी ओळखीची, सुरक्षित जागा. याच वासासारखा स्प्रे बाजारात मिळतो, फेलिवे नावाचा, फ्रान्समधले पशुवैद्य पॅट्रिक पाझा यांच्या १९९० च्या दशकातल्या कामातून आलेला. तो मांजर आत जायच्या पंधरा मिनिटं आधी गोधडीवर मारायचा, म्हणजे त्यातलं अल्कोहोल उडून जातं. काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही, ठमीला थोडा पडतो असं मला वाटतं.

एवढं करूनही काही मांजरांना जमत नाही, आणि त्यांना औषध देण्यात काहीही कमीपणा नाही. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये मांजरांच्या प्रवासाच्या आणि दवाखान्याच्या भीतीसाठी म्हणून खास एक औषध मंजूर केलं, प्रीगाबालिनचं, म्हणजे ही भीती डॉक्टरी जगात किती गंभीरपणे घेतात बघा. भीतीसाठी गॅबापेंटिन आणि उलटीसाठी मॅरोपिटंट ही नावं तुम्हाला व्हेटकडे ऐकू येतील. दोन्ही वेगळ्या कामाची आहेत, म्हणूनच वर म्हटलं की लाळ आणि थरथर यांतलं काय दिसतं ते सांगा. डोस व्हेटच ठरवणार, आणि पहिला डोस घरी सुट्टीच्या दिवशी देऊन बघायचा, घाटात प्रयोग नको. पूर्वी एसप्रोमझिन हे गुंगीचं औषध सर्रास द्यायचे, त्याने मांजर गळून पडतं पण आतली भीती तशीच राहते असं आता मानतात, त्यामुळे "शांत झोपलंय" एवढ्यावर समाधान मानू नका, विचारा. आपल्या औषधांच्या डब्यातलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

गावी पोचल्यावर अंगणात कॅरियर उघडायचं नाही, पोरं कितीही मागे लागली तरी. आमच्या घरी मागची एक खोली तिची, खिडक्या लावलेल्या, एका कोपऱ्यात घरून आणलेल्या लिटरमध्ये, म्हणजे तिच्या शी-शूच्या वाळूत, थोडं वापरलेलं लिटर मिसळून ठेवते म्हणजे तिला जागा कळते, दुसऱ्या टोकाला पाणी. दार उघडं करून कॅरियर ठेवायचं आणि आपण बाहेर यायचं. पहिली रात्र खाल्लं नाही तरी घाबरू नका, पण पूर्ण दिवस उलटूनही तोंडाला काही लावलं नाही तर व्हेटला फोन करा, मांजराला फार वेळ उपाशी राहणं बाधतं, लिव्हरवर जातं. आरत्या आणि फटाक्यांच्या वेळी ती खोली बंदच.

कॅरियर मुक्कामभर त्याच खोलीत उघडं, चिकनही त्यातच, म्हणजे परतीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नको. आणि निघायच्या सकाळी घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा की हिला काही खायला द्यायचं नाही, कारण जाताना लाडाने बशीभर दूध पुढे करणारं कुणीतरी असतंच, मोठ्या मांजरांना दूध धड पचत नाही आणि वर लगेच कुंभार्ली चढायचा असतो. मी तर त्या सकाळी तिच्या खोलीला बाहेरून कडीच घालते.