कसारा घाटातले कान

नाशिककरांना कान बंद होणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईला निघालं की कसारा घाटात कान बंद होतात, कुणीतरी लिमलेटची गोळी पुढे करतं, दोनदा आवंढा गिळला की फट्‌ करून उघडतात. आता समृद्धीने गेलं तर घाटाऐवजी आठेक किलोमीटरचा बोगदा लागतो, पण उतार तोच आणि कानही तेच. गंमत म्हणजे अख्खा घाट उतरून कानावर जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात जेमतेम फूटभर खाली गेलं तरी वाढतो. हे मला वयाच्या ४८व्या वर्षी कळलं, तेव्हा मी ३० मीटर खाली जायचं कबूल करून बसले होते.

भरीस पाडलं पुण्याच्या भाचीने. "मावशी, मालदीव. आठवडाभर बोटीवरच राहायचं. खायचं, झोपायचं, उठलं की पाण्यात." ह्याला लिव्हअबोर्ड म्हणतात. डायव्हिंग म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं. एखाद्या बेटावर राहून ते केलं तर रोज आजूबाजूचेच रीफ, म्हणजे प्रवाळाचे खडक, बघायला मिळतात. इथे बोट एका अटॉलवरून, म्हणजे प्रवाळ बेटांच्या एका वर्तुळावरून, दुसऱ्यावर जात राहते. सासूबाई म्हणाल्या, "रामकुंडावर कधी डुबकी मारली नाहीस, आणि पैसे मोजून परदेशात बुडायला चाललीस?" ह्यावर मी काय बोलणार!

बोटवाल्यांची अट होती: अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि गाठीला किमान २० डाइव्ह. माझ्या गाठीला निफाडजवळच्या मामांच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं तेवढं होतं. म्हणजे मालदीव एक आठवड्याचं, पण तयारी दीड वर्षाची.

पहिली अडचण कागदाची. डायव्हिंग शिकण्याआधी प्रकृतीच्या प्रश्नांचा फॉर्म भरावा लागतो. त्यात ४५च्या पुढच्यांना वेगळे प्रश्न आहेत: सिगरेट, कोलेस्टेरॉल, बीपी, घरात कुणाला लवकर हृदयविकार. शिवाय कान, नाक, सायनस. एका जरी ठिकाणी 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते. माझं बीपीच्या गोळीसाठी 'हो' आणि सायनससाठीही 'हो'. नाशिकच्या थंडीत माझं नाक डिसेंबरमध्ये बंद होतं ते शिवरात्रीला उघडतं. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करून सही दिली. कानाचे डॉक्टर मात्र फॉर्म उलटसुलट करत बसले. "असल्या कागदावर मी आजवर सही केलेली नाही," म्हणाले. मग कानात दुर्बीण घालून नाक दाबून फुंकायला लावलं. पडदा हलला. तरी त्यांनी महिनाभर रोज सकाळी तो व्यायाम करायला सांगितला आणि मगच सही केली. त्या वेळी राग आला होता. पुढे त्यांचे आभार मानावेसे वाटले.

खोलीचं गणित असं आहे. जमिनीवर एक वातावरणाचा दाब असतो, १० मीटरवर दोन, २० वर तीन. म्हणजे दाब दुप्पट होतो तो पहिल्या १० मीटरमध्येच, त्यानंतरचे १० मीटर तेवढे जाचत नाहीत. कान दुखतात ते वरवर, खोलात नाही. म्हणून दुखायला लागायच्या आधीच, अर्ध्या-अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. दुखल्यावर जोर लावला तर कान आणि घसा जोडणारी नळी आणखीच मिटते.

मनपाच्या तलावावर पहाटे जाऊन २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं एवढं जमवलं, कारण कोर्सला ते लागतं. ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स, तारकर्लीला केला. तिथे एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, डायव्हिंगसाठी बांधलेल्या खोल तलावासकट. शेवटच्या दिवशी आम्ही संध्याकाळीच कोल्हापूर गाठायच्या बेतात होतो, तर इन्स्ट्रक्टरने अडवलं: "ताई, आज घाट चढायचा नाही. उद्या दुपारी निघा." शरीरात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायचा असतो. विमान काय आणि घाट काय, वर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. ओपन वॉटरला १८ मीटरची मर्यादा असते, अ‍ॅडव्हान्स्डला ३०. ते अंदमानात स्वराज द्वीपला झालं. पुढच्या वर्षी तिथेच आणखी एक फेरी मारली आणि आकडा २२वर नेला.

बाकीची तयारी म्हणजे नुसता खर्च. एक सांगते, प्रवासविमा घेताना बारीक अक्षरं वाचा. मी अ‍ॅपवरून घेतलेल्या पॉलिसीत डायव्हिंग चक्क वगळलेलं होतं, डायव्हिंगचा विमा वेगळा घ्यावा लागला. मालदीवचा व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण निघायच्या आधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. बोटीवर रात्रीला १२ डॉलर ग्रीन टॅक्स लागतो, तो बहुतेक वेळा जाहिरातीतल्या आकड्यात धरलेला नसतो. आणि पूजेची मूर्ती तिथे नेता येत नाही. सासूबाईंनी बॅगेत गुपचूप ठेवलेला बोटभर गणपती मी निघताना काढून देव्हाऱ्यात परत ठेवला. त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता.

मालेला उतरल्यावर कळलं की एक नाही, दोन बोटी असतात. मोठीवर आपण राहतो. तिच्या मागोमाग 'धोनी' चालते, म्हणजे लाकडी होडी. सिलिंडर, कॉम्प्रेसर, ओले सूट सगळं धोनीवर, त्यामुळे मोठ्या बोटीवर कॉम्प्रेसरची घरघर नाही. साडेपाचला घंटा, फळ्यावर रीफचं चित्र काढून ब्रीफिंग, साडेसहाला पाण्यात. मग नाश्ता. रोशी म्हणजे आपली पोळीच, आणि मासहुनी म्हणजे टूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची. मी चार दिवस रोज तेच खाल्लं. अकराला दुसरी डाइव्ह, तीनला तिसरी. तिथल्या नियमाने ३० मीटरच्या खाली कुणी जायचं नाही. हवा बहुतेकांची नायट्रॉक्स, ३२ टक्के ऑक्सिजनची. दिवसाला तीन डाइव्ह असल्या की अंगात नायट्रोजन कमी साठावा म्हणून. दमायलाही कमी होतं असं सगळे सांगतात. मला काही फरक जाणवला नाही, मी रात्री नऊला आडवी.

केबिनमधला एसी मात्र नडला. तिसऱ्या दिवशी सकाळी नाक जड. सात मीटरवर डावा कान अडला. तळवा डावीकडे-उजवीकडे हलवून मग कानाकडे बोट, ही खूण केली. गाइडने मला मीटरभर वर नेलं. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच, आणि कानाच्या मागे सुई टोचल्यासारखं. चौथ्या वेळी त्याने अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चल'.

बॅगेत नाकात घालायचे थेंब होते. एका सहप्रवाशाने सांगितलं, दोन थेंब टाक आणि ये. भाचीने बाटलीच काढून घेतली. थेंबाचा असर खाली असतानाच उतरला, तर कानात अडकलेली हवा वर येताना फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. खाली जाता आलं नाही तर निदान बोट तरी आहे; वर येता आलं नाही तर काय करणार?

त्या दिवशीची दुसरी डाइव्ह कंदूत होती. अटॉलच्या कड्याला समुद्र आत-बाहेर करायच्या ज्या खिंडी असतात, त्या कंदू. प्रवाह एवढा की वर तरंगत बसलात तर भलतीकडे जाल, म्हणून तरंगायच्या जॅकेटमधली सगळी हवा काढून उडी मारायची आणि डोकं खाली करून थेट तळ गाठायचा. माझ्यासारख्या अर्ध्या-अर्ध्या मीटरला नाक दाबणारीचं ते कामच नव्हे, कान ठीक असता तरीही. मी स्वतःच नाही म्हटलं.

मग धोनीवर कप्तानाशेजारी बसून राहिले. तो चाकावर एक पाय टाकून पाण्याकडे बघत होता. काय बघतोय विचारलं, तर त्याने बोट दाखवलं: बुडबुडे. सपाट पाण्यावर सोडा ओतल्यासारखे चार पट्टे, हळूहळू उत्तरेला सरकणारे. कुणाचा कुठला पट्टा, कोण घाबरून भराभर श्वास घेतंय, त्याला वरून कळत होतं. "तुझी मुलगी," तो एका बारीक पट्ट्याकडे बघून हिंदीत म्हणाला, "हवा कम खाती है." मुलगी नाही, बहिणीची मुलगी, असं मी सांगत बसले. चाळिसेक मिनिटांनी, वर येतोय ही खूण म्हणून खालून सोडलेला केशरी फुगा उभा राहिला आणि तो इंजिन चालू करून तिकडे वळला. भाची वर आली ती शार्क, शार्क ओरडतच. वीस तरी होते म्हणे.

दीड दिवस मी नुसती वाफ घेत, गरम पाणी पीत पडून होते. चार डाइव्ह गेल्या. पैसे दिलेले, वाईट वाटतंच. चौथ्या दिवशी संध्याकाळी आरी अटॉलमधल्या माया थिलावर रात्रीची डाइव्ह होती. थिला म्हणजे पाण्याखालची टेकडी, हिचा माथा सहा-आठ मीटरवरच. गाइड म्हणाला, माझा हात धर, पाय खाली ठेवून ये. अर्धा मीटर, चिमटी. अर्धा मीटर, चिमटी. बाकीचे खाली वाट बघत होते, मला लाज वाटत होती. पाच मीटरवर डावा कान चुईं करून उघडला. खाली टॉर्चच्या झोतात पांढऱ्या टोकाचे शार्क कपारीकपारीतून नाक खुपसत फिरत होते, शिकार हुडकत. एक माझ्या फिनखालून गेला, वळून बघितलंही नाही.

१७पैकी १३ डाइव्ह झाल्या. विमानाआधी २४ तास कोरडं राहायचं म्हणून शेवटची दुपार मालेत मासळीबाजार बघण्यात गेली.

परत आल्यावर कान दाखवायला गेले. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, बरा आहे म्हणाले, आणि ड्रॉवरमधून तसाच एक फॉर्म काढला. कॉलेज रोडचा एक पेशंट ठेवून गेला होता. "हे तिसरं कलम तुम्ही कसं भरलं होतं?" त्यांनी विचारलं. मी खुर्ची पुढे ओढली.