आजी कुठे गेली असेल? एका ख्रिश्चन बाईची वारी

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी ख्रिश्चन, बाबांकडचे मूळचे नगरचे, इथे आमच्यासारखी घरं फार नाहीत, त्यामुळे मी आळंदीहून वारीला निघालेय म्हटल्यावर मुरारच्या आमच्या चर्चमधे बऱ्याच जणांना वाटलं की हिने धर्म सोडला. तसं नाहीये. येशूवरचा विश्वास होता तिथेच आहे, पण लहानपणापासून त्याच्यासोबत जे शिकवलं गेलं त्यातली एक गोष्ट घशाखाली उतरेनाशी झाली होती.

ती गोष्ट म्हणजे नरक. ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नाही ते सगळे नरकात, आणि कायमचे, सुटका कधीच नाही. आईची आई ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाल बाजाराजवळ राहायची, गळ्यात तुळशीची माळ, रोज संध्याकाळी हरिपाठ. आईने लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतला, आजीने नाही, पण जावयाला कधी वाकडा शब्द बोलली नाही आणि दर नाताळला करंज्यांचा डबा घेऊन यायची. ती गेली तेव्हा मी संडे स्कूलमधे विचारलं की आजी आता कुठे असेल. बाईंनी जवळ घेतलं, म्हणाल्या देवावर सोड, पण बायबल काय म्हणतं ते तुला माहितीये ना? माहिती होतं. नंतर मोठी झाले, स्वतः संडे स्कूल घ्यायला लागले आणि तोच धडा दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवत राहिले.

आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी वारीला जातात, त्यांनीच विचारलं, येतेस का, आणि मी हो म्हटलं. दिंडीत ग्वाल्हेर म्हटलं की जुनी माणसं लगेच हैबतबाबा आरफळकरांचं नाव काढतात. ते आमच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी पकडलं, तिथे हरिपाठ म्हणत राहिले, सुटल्यावर आळंदीला आले आणि 1832 च्या सुमाराला माऊलींच्या पालखीचा हा सोहळा लावून दिला. आजीच्या हरिपाठाचा आणि माझ्या गावाचा असा संबंध निघेल हे मला माहितीच नव्हतं.

दिवे घाटात पाय भरून आले. पुढे चालणारी एक आजीबाई, डोक्यावर तुळस, मागे वळून म्हणाली, माऊली थांबू नका, थांबलं की पाय जड होतात. कुणी जात विचारली नाही. गळ्यातला क्रॉस काही जणांना दिसला असणार, एका काकांनी फक्त विचारलं की तुमच्यात पण चालायची पद्धत आहे का. गावोगावी लोक रस्त्यात उभे, भाकरी-पिठलं, चहा, केळी, कुणी पाय चेपायला बसलेलं, आणि मला सारखा बायबलमधल्या मत्तयचा पंचविसावा अध्याय आठवत होता. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं, परका होतो, तुम्ही घरात घेतलं, त्या न्यायाच्या दिवशी राजा बाप्तिस्म्याचं विचारतच नाही. आता त्याच अध्यायाच्या शेवटी सार्वकालिक शिक्षेचेही शब्द आहेत, ते मी लपवणार नाही, पण मग हिशोब तिथला धरायचा तर भाकरी देणाऱ्या ह्या बाया कुठल्या बाजूला उभ्या राहतील?

मला सगळ्यात लागलं ते संध्याकाळच्या समाज आरतीत. पालखीची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंच केला की एवढा लाखाचा तळ एकदम गप्प होतो. मग हरवलं-सापडलं सांगतात, अमक्याचं पाकीट सापडलंय, तमक्याची पिशवी, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, तिचं ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही. मी ते ऐकत उभी होते आणि लूकमधला मेंढपाळ आठवला, हरवलेलं मेंढरू सापडेपर्यंत शोधणारा. सापडेपर्यंत! माणूस मेला की शोध बंद, असं येशूने त्या दाखल्यात कुठे म्हटलंय? मी तिथेच रडले, काकूंना वाटलं पायाला फोड आलेत.

परत आल्यावर (खरंतर आधीपासूनच) वाचत होते. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी, ज्याला चर्च संत मानतं, शेवटी सगळेच देवाकडे परततील असं लिहून गेलाय. तो 381 सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या चर्च-परिषदेत होता, आणि आमच्यात जो विश्वासाचा अंगीकार म्हणतात तो त्या परिषदेशी जोडलेला आहे. त्यात येशू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल असं आहे, कायमच्या नरकाचा शब्दही नाही. ऑगस्टीन ह्या चर्चच्या मोठ्या पंडिताने मात्र उलटं ठासून मांडलं, बाप्तिस्म्याविना गेलेली बाळंसुद्धा त्याने वगळली नाहीत, आणि पश्चिमेकडच्या चर्चमधे त्याचंच वजन पडलं. म्हणजे हा वाद माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आपल्याकडेही पंडिता रमाबाईंनी 1883 मधे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवणीवर इंग्लंडमधल्या धर्मगुरूंशी खुलेपणाने वाद घातला. आणि नारायण वामन टिळक, 1895 ला ख्रिस्ती झालेले, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, आणि 1917 मधे त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. आमची आजी त्यात सहज बसली असती.

पंढरपुरात मी मंदिरात गेले नाही. रांग मोठी होती पण ते कारण नाही, मूर्तीपुढे हात जोडायला माझं मन अजून तयार नाही आणि उगाच नाटक करायचं नव्हतं. काकूंनी आग्रह केला नाही, म्हणाल्या कळसाचं दर्शन घे, हजारो लोक तेवढंच घेऊन परततात. चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहून मी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं, मराठीतच, आणि आजूबाजूला विठ्ठल विठ्ठल चालू होतं.

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण पटलंही नाही, म्हणाले नरक नसेल तर क्रूस कशासाठी? प्रश्न खरा आहे. क्रूसाचा अर्थ फक्त शिक्षेची भरपाई असा नाही, पहिल्या हजार वर्षांत लोक तो मृत्यूवरचा विजय म्हणूनही समजत होते, एवढं मी त्यांना सांगितलं, पण माझं स्वतःचं अजून पूर्ण जुळलेलं नाही, त्यावर आम्ही दर रविवारी उपासनेनंतर बोलतो. संडे स्कूल मी अजून घेते, फक्त तो धडा घेणार नाही असं त्यांना स्पष्ट कळवलंय, आणि कुणा लेकराने विचारलं तर मी त्याला माझ्या आजीबद्दल सांगणार आहे, हेही.