छोट्या बॉडीवर ८-१५ फिशआय झूम: घ्यायची की नाही, हे मी कसं ठरवलं

फिशआय लेन्सला (रेषा वाकवून १८० अंशांपर्यंतचं दृश्य पकडणाऱ्या) झूम कशाला, हा प्रश्न फुल फ्रेमवाल्यांना (३५ मिमी फिल्मएवढा मोठा सेन्सर वापरणाऱ्यांना) पडतो आणि तो रास्त आहे. कॅननची ईएफ ८-१५ मिमी एफ/४ फुल फ्रेमवर ८ ला काळ्या चौकटीत पूर्ण गोल देते आणि १५ ला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरलेली फ्रेम. मधल्या मिलिमीटरांवर मिळतो तो वरून-खालून कापलेला गोल, जो फारसा कुणाच्या कामाचा नाही. मला मात्र ही लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून मायक्रो फोर थर्ड्सवर, म्हणजे त्याहून बऱ्याच छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, वापरायची होती, आणि तिथे हिशेब पार बदलतो.

आधी कागदावर आकडेमोड केली. या जातीच्या फिशआयमध्ये १८० अंशांच्या गोलाचा व्यास फोकल लेंग्थच्या साधारण २.८३ पट येतो. ८ मिमीला २२.६ मिमी. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ मिमीचा, कर्ण २१.६. म्हणजे झूम रिंगच्या पहिल्याच टोकाला कर्णावर जवळपास पूर्ण १८० अंश मिळतात, आणि १५ ला साधारण ८४ अंश. अख्खी रिंग कामाची! एपीएस-सी (या दोन्हींच्या मधल्या आकाराचा सेन्सर) वर कर्ण २८ मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे १० च्या खाली कोपरे काळे, १० ला भरलेली फ्रेम आणि १५ ला सुमारे ११२ अंश. पूर्ण गोल हवा असेल तर छोट्या सेन्सरवर ही लेन्स घेऊच नये. ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (चित्र आक्रसवणाऱ्या भिंगांचा अ‍ॅडॉप्टर) लावला तरी गोल १६ मिमीचा होतो आणि सेन्सरची उंची १३ च.

अ‍ॅडॉप्टरने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. या लेन्सला अपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) लहानमोठं करायची रिंग नाही. पाती विजेवर हलतात. साधा धातूचा नळीसारखा अ‍ॅडॉप्टर लावला तर ती कायम एफ/४ वर उघडी राहते आणि ऑटोफोकसही जातो. संपर्कबिंदू असलेलाच अ‍ॅडॉप्टर हवा. दुसरी गोष्ट जाडीची. ईएफ माउंटपासून (कॅननच्या या लेन्सचा जोड) सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५, अ‍ॅडॉप्टर बरोबर २४.७५ मिमीचा असायला हवा. ८ मिमीवर ०.१ मिमीची चूकसुद्धा भारी पडते. अ‍ॅडॉप्टर तेवढा जास्त जाड असेल तर इन्फिनिटीला (अनंत अंतरावर) लावलेली लेन्स प्रत्यक्षात ६४ सेंटिमीटरवर फोकस करते. एफ/४ ला लांबच्या प्रत्येक बिंदूचा ०.०२५ मिमीचा ठिपका होतो, म्हणजे २० मेगापिक्सेल सेन्सरवर सात-आठ पिक्सेल. ‘लेन्स कडेला सॉफ्ट आहे’ अशा तक्रारींमागे अनेकदा लेन्स नसते, अ‍ॅडॉप्टर असतो. तपासणी सोपी: ट्रायपॉड, ८ मिमी, एफ/४, मॅन्युअल फोकस, लांबच्या मनोऱ्यावर व्ह्यू दहापट मोठा करून फोकसची रिंग हळूहळू इन्फिनिटीच्या शेवटपर्यंत न्यायची. शेवट आला तरी तपशील स्वच्छ होत नसेल तर अ‍ॅडॉप्टर परत करायचा. त्याच वेळी मनोरा आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून पाहायचा. एकच कोपरा मऊ असेल तर माउंट किंवा लेन्समधलं एखादं भिंग तिरकं बसलं आहे.

वापरलेली लेन्स बघताना झूम १० च्या खाली जात नसेल तर घाबरू नका. बॅरलवर लिमिटचं बटण आहे, एपीएस-सी साठी दिलेलं. ते काढलं की रिंग ८ पर्यंत फिरते.

८ ला गोल कर्णापेक्षा जेमतेम १ मिमी मोठा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला अर्धा मिमी. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनने (हाताची थरथर भरून काढणाऱ्या सोयीने) सेन्सर सरकला की एखादा कोपरा काळवंडतो. उपाय म्हणजे झूमची रिंग ८.५ च्या आसपास ठेवायची. व्हिडिओत चालताना तर स्टॅबिलायझेशन बंदच बरं. कॅमेरा हलला की मध्यभागी चित्र जितकं सरकतं, त्याच्या सुमारे ७० टक्केच ते अगदी कडेला सरकतं. दुरुस्ती मध्याच्या हिशेबाने होते, म्हणून कोपरे जेलीसारखे थरथरतात.

फोटोंसाठी मी ऑटोफोकसचा नाद सोडला. ८ मिमी, एफ/८, फोकस अर्ध्या मीटरच्या किंचित पुढे. २७ सेंटिमीटरपासून इन्फिनिटीपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. १५ ला मात्र तसाच फोकस १.९ मीटरवर लावावा लागतो, त्यामुळे झूम केल्यावर फोकस पुन्हा लावायलाच हवा.

खरी मजा जवळच्या वस्तूंत आहे. किमान फोकस १५ सेंटिमीटर, पण ते सेन्सरपासून मोजलेलं. त्यातून माउंटचे ४४ मिमी आणि लेन्सची ८३ मिमी लांबी वजा केली की पुढच्या काचेसमोर दोन-सव्वादोन सेंटिमीटर उरतात. एखादं पान तेवढ्या जवळ धरलं तर त्याच्या शिरा अर्धी फ्रेम व्यापतात आणि मागे अख्खं आकाश दिसतं. पण लेन्सची सावली पानावर पडते, म्हणून प्रकाश मागून किंवा बाजूने घ्यायचा. पुढची काच फुगीर आहे, तिच्यावर फिल्टर चढत नाही, आणि काट्याला टेकायला क्षण लागत नाही.

वाकलेल्या रेषा सॉफ्टवेअरने सरळ करायच्या विचाराने कुणी ही घेत असेल तर थांबावं. मध्यापासून ४५ अंशांवर चित्र बाहेरच्या दिशेने दुपटीहून जास्त ताणलं जातं, ६० अंशांवर साडेचार पट. ८ मिमीच्या फ्रेममधून कर्णावर ९० अंशांचं सरळ चित्र काढलं तर मूळ २० पैकी साधारण सात-साडेसात मेगापिक्सेल हाती लागतात.

राहिला वजनाचा प्रश्न. लेन्स ५४० ग्रॅम, वर अ‍ॅडॉप्टर. याच माउंटची पॅनासोनिकची ८ मिमी एफ/३.५ फिशआय १६५ ग्रॅमची, ऑलिंपसची ८ मिमी एफ/१.८ ही ३१५ ग्रॅमची. फक्त १८० अंश हवे असतील तर त्यांतली एक घ्यावी. रात्रीच्या आकाशासाठी तर एफ/१.८ च. झूम मी ठेवली ती पाण्याखालच्या कामासाठी. हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) एकदा बंद केलं की लेन्स बदलता येत नाही. प्रवाळाच्या भिंतीला ८ आणि लाजऱ्या माशाला १५ हे एकाच बुडीत हवं असतं. डोम पोर्टमागे (हाउसिंगच्या घुमटाकार काचेमागे) साध्या वाइड लेन्सचे कोपरे जसे पसरतात तसे फिशआयचे पसरत नाहीत, आणि समुद्रात सरळ रेषा नसल्याने वाकडेपणा डोळ्यांना खुपतही नाही. फक्त हाउसिंगला या लेन्सच्या मापाची झूम गिअर (बाहेरून झूम फिरवणारी दातेरी कडी) मिळते का, हे लेन्स घेण्याआधी बघावं.