आमची वाटचाल : सागवानाच्या वखारीपासून वाड्यांच्या दुरुस्तीपर्यंत

आमचा मूळ धंदा वाडे दुरुस्त करण्याचा नव्हता. पाडल्या जाणाऱ्या वाड्यांचे सागवान वडील विकत घेत आणि वखारीतून विकत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे कित्येक वाडे बसले. जे उभे राहिले त्यांचे भाडे कायद्याने असे गोठलेले होते की त्यात मालकाला दरवर्षी कौले चाळून घेणेही परवडत नसे. त्यामुळे वखारीला मालाची वानवा कधी भासली नाही.

मी वखारीत बसू लागलो, तेव्हा एक खांब आला होता. वर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली चुन्याचे थर, त्याखाली तेल पाजलेले लाकूड आणि एका बाजूला वरपासून खालपर्यंत ओळीने खिळ्यांची भोके. मालकाच्या बैठकीतला हा खांब पुढे फळ्या ठोकून दोन बिऱ्हाडांमधली हद्द झाला होता. त्याच्या खिडक्यांच्या चौकटी झाल्या, याची मला आजही हळहळ वाटते.

त्यानंतर मी विश्रामबागवाड्यात वारंवार जाऊ लागलो. दुसऱ्या बाजीरावांनी १८०७च्या सुमारास राहण्यासाठी बांधलेल्या या वाड्यात पेशवाई संपल्यावर, १८२१ साली, संस्कृत पाठशाळा भरू लागली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८७९च्या आगीत शेजारचा बुधवारवाडा गेला आणि विश्रामबागेचाही काही भाग जळाला. तो पुन्हा बांधण्यात आला. १९३० ते १९५९ या काळात नगरपालिकेचा, नंतर महानगरपालिकेचा कारभार येथूनच चाले, आणि तळमजल्यावर टपाल कार्यालयही आले. पेशवे, शास्त्री, विद्यार्थी, कारकून अशा सगळ्यांना या वाड्याने सामावून घेतले. तिथले सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब पाहताना मला पटले की वाडा पहिल्या मालकाचा जेवढा असतो, तेवढाच नंतर राहून गेलेल्यांचाही असतो, आणि दुरुस्ती करताना त्यांच्या खुणा पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुरुस्तीची पहिली कामे आम्ही चुकीची केली, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. भिंतीतली ओल बाहेर पडेना आणि दोन पावसाळ्यांत तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजले. ते काम स्वखर्चाने उकलून पुन्हा केले. तेव्हापासून महिनाभर भिजवून मुरवलेला चुनाच वापरतो. वेळ अधिक लागतो, म्हणून काही मालक नाराज होतात, पण यात तडजोड करत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी त्या वाड्यातल्या सर्वांत जुन्या भाडेकरूंकडे बसून कोणत्या खणात (दोन खांबांमधल्या जागेत) कोणाचे बिऱ्हाड होते, चूल कुठे होती, मोरी कुठे काढली, हे आम्ही नकाशावर लिहून घेतो. ओल कुठून येते, याचा उलगडा बहुधा त्यातूनच होतो.

वखारीत उरलेले सागवान आता विकत नाही. कुजलेल्या तुळईला जोड द्यायला तेच लागते, आणि तो तुकडा मुळात कोणत्या पेठेतल्या वाड्याचा होता, हे वडिलांच्या वहीत पाहून आमचे सुतार जोडाच्या आतल्या अंगाला कोरून ठेवतात.