धावत्या मुलीचा फोटो आणि माझं बजेट

मुलगी चालायला लागली आणि घरातले सगळे फोटो हलायला लागले. फोनवर टिपलेला प्रत्येक फोटो म्हणजे एक गोड धूसर पट्टा! म्हणून कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

आधी मीही मेगापिक्सेलच मोजत बसले होते. मग हिशेब केला: ८ बाय १० इंचाची चांगली प्रिंट काढायला साधारण ७ मेगापिक्सेल पुरतात. आम्ही त्याहून मोठी प्रिंट कधी काढली होती? तो विषय तिथेच संपला.

खरी अडचण होती घरातला अंधूक उजेड. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स (किट लेन्स) पूर्ण झूम केली की तिचं उजेड घेणारं छिद्र एफ/५.६ इतकं लहान होतं; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. एफ/१.८ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) न वाढवता १/३० सेकंद उघडा राहणारा शटर थेट १/२५० वर नेता येतो, आणि पळणारं पोर जागच्या जागी थांबतं. (फोटोत हो. प्रत्यक्षात कुठलं थांबतंय!)

मग पैसे बॉडीवर (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर) न घालता लेन्सवर घातले. बॉडी जुनी, वापरलेली घेतली; घेताना शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडला तो आकडा) तेवढा पाहिला आणि सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, डाग आहेत का ते बघायला एफ/१६ वर कोऱ्या भिंतीचा फोटो काढला. लेन्स मात्र नवी, ३५ मिमीची. ५० मिमीची स्वस्त पडत होती, पण आमच्या कॅमेऱ्याच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ती ७५सारखी वागते, म्हणजे दृश्य फार जवळ आणते. आमच्या खोलीत मागे सरकायला भिंतच आडवी येते.

झूम नाही म्हणून नवरा अजून कुरकुरतो. काढलेले फोटो मात्र तोच सगळ्यांना पाठवतो.