शर्टाचं वरचं बटण

पक्षाघातानंतरच्या पाचव्या आठवड्यात मी काकांचा फंक्शनल इंडिपेंडन्स मेजर, म्हणजे आमच्या बोलण्यातला एफआयएम, भरत होते. रुग्ण रोजची कामं किती स्वतःची स्वतः करतो, ते मोजणारा हा तक्ता. त्यात 18 बाबी असतात, 13 हालचालींच्या आणि 5 आकलन-संवादाच्या, प्रत्येकीला 1 ते 7 गुण: 1 म्हणजे जवळजवळ सगळं दुसऱ्याने करायचं, 7 म्हणजे पूर्ण स्वावलंबी. ‘वरचे कपडे घालणे’ या ओळीत मी 6 लिहिला. थेरपीच्या खोलीत त्यांनी माझ्यासमोर शर्ट घातला होता. आधी लुळा उजवा हात बाहीत, मग डावा, मग एका हाताने बटणं. मदत काहीच नाही, फक्त वेळ फार लागला, म्हणून 7 ऐवजी 6.

रात्रपाळीच्या सिस्टरनी कागद पाहिला. “मॅडम, वॉर्डात त्यांना शर्ट काकूच घालतात. रोज. ते नुसते बसून असतात.”

मला फार वाईट वाटलं. माणसाला काय जमू शकतं हे या मोजमापात धरत नाहीत, तो रोज काय करतो ते धरतात. दोन ठिकाणी वेगळं दिसलं तर कमी आकडा लिहायचा. विद्यार्थ्यांना मीच हे शिकवते. शिवाय त्या आकड्यावरूनच घरच्यांवर किती भार पडणार ते कळतं. माझा 6 म्हणत होता, काकूंना या बाबतीत काहीच करावं लागत नाही. मी तो खोडून 1 लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले. काकू म्हणाल्या, “बाहीत हात अडकला की त्यांचा चेहरा कसा होतो, बघवत नाही हो मला.”

नवरा डोळ्यांदेखत कोसळलेला पाहिलेल्या बाईला मी काय समजावणार? त्यांना शेजारी बसवलं आणि त्यांचा हात हातात धरला. काकांनी सुरुवात केली. बाही कोपराशी दोनदा अडकली. दोन्ही वेळा काकू अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. शर्ट अंगावर चढला, मग एकेक बटण. गळ्याजवळचं काही केल्या लागेना. काकांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं, तेव्हा मी त्यांचा हात सोडला.

कागदावर मी 1 तसाच ठेवला, एका सकाळीने रोजची सवय ठरत नाही. पुढच्या मूल्यमापनाआधी मात्र तिन्ही पाळ्यांच्या सिस्टरना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं, काकू तेवढं वरचं बटण लावतात.

त्या ओळीत मी 4 लिहिला.